घाईचं चिकन

कौशल्या गपाट नारायण पेठेत मेस चालवायची, तेव्हा जेवायला येणारी पोरं तिच्या हाताच्या चवीवर जेवढी खूश असत, तेवढीच तिच्या तोंडाला वचकून असत. उशिरा येणाऱ्याला ती म्हणायची, "या, बसा. तुमचं ताट वाट बघून बघून आत्ताच झोपलंय." ताटात भाजी टाकून उठणाऱ्याला म्हणायची, "आईला फोन लावून देऊ का? तिच्या हातचं खाऊन या, मग माझ्या भाजीला नावं ठेवा." पोरं हसायची, ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर यायची. बुधवारी आणि रविवारी चिकनचा रस्सा असायचा. कांदा-खोबरं लालभडक भाजून, वाटून, वर तेलाचा तवंग आलेला. त्या दिवशी जिन्यापर्यंत रांग लागायची.

भूम तालुक्यातल्या एका गावातून लग्न होऊन ती पुण्यात आली होती. नवरा उत्तरेश्वर शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात बाइंडिंगचं काम करायचा. गावाकडची दोन मुलं स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात आली, बाहेरचं खाऊन आजारी पडली, म्हणून तिने त्यांना घरी जेवायला बोलावलं. त्यांच्यामागून त्यांचे मित्र आले, मित्रांचे मित्र आले आणि बघता बघता घराची मेस झाली. तिचा दिवस भाकरी थापण्याच्या आवाजाने सुरू व्हायचा आणि पातेली घासण्याच्या आवाजाने संपायचा. थकवा येतो, हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही. तिला स्वतःलाही बहुतेक सांगितलं नव्हतं.

एका सकाळी कणीक मळता मळता तिचा उजवा हात परातीतून उचलेना. तिने खाली पाहिलं. हात कणकेत होता, पण तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा पडला होता. 'अहो' अशी हाक मारायला तिने तोंड उघडलं, तर घशातून नुसता घरघर आवाज आला. उत्तरेश्वर आतून आला तेव्हा ती परातीशेजारी कलंडलेली होती.

दवाखान्यातून घरी आली ती उजवा हात आणि जीभ गमावूनच. पाय हळूहळू सुधारला, काठी टेकत, पाऊल ओढत ती चालू लागली. जीभ मात्र सुधारली नाही. डोक्यात सगळे शब्द जागच्या जागी होते. समोरचा काय म्हणतो ते अक्षर न् अक्षर कळत होतं. पण तोंडातून एकच शब्द बाहेर पडायचा, "उद्या." चहा हवा का, तर उद्या. पाय दुखतोय का, तर उद्या. टीव्ही बंद करा म्हणायचं असलं तरी उद्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं की मेंदूचा बोलण्याचा भाग दुखावला की असं होतं, एखादा शब्द अडकून बसतो. नेमका हाच का अडकला, ते डॉक्टरांनाही माहीत नव्हतं.

मेस बंद झाली. जिने चढणं शक्य नव्हतं म्हणून पेठेतल्या खोल्या सोडल्या आणि मुलगी धरून तिघंही कात्रजला, लिफ्ट असलेल्या इमारतीत राहायला आली. मुलगी राजनंदिनी हिंजवडीच्या एका आयटी कंपनीत होती. सकाळी लवकर निघायची, संध्याकाळी उतरलेल्या चेहऱ्याने परत यायची. उत्तरेश्वर निवृत्त झाला होता. त्याला खिचडी येत होती आणि चहा येत होता. बाकीचं जेवण राजनंदिनी मोबाइलवरून मागवायची. चमचमीत, तेलकट, सगळ्या डब्यांतून एकाच चवीचं. कौशल्याला ते चमच्याने भरवलं जायचं. जिने इतक्या लोकांना जेवू घातलं, तिच्या हनुवटीखाली आता नॅपकिन लावला जायचा.

तिला राग यायचा तो खाण्याचा नव्हे. ती समोर बसलेली असताना लोक तिच्याविषयी बोलत, तिच्याशी नाही, याचा.

दिवाळीनंतर उत्तरेश्वरची बहीण शालू भेटायला आली. आल्या आल्या तिने कौशल्याच्या गालावरून हात फिरवला आणि भावाकडे बघून म्हणाली, "जिवावरचं शेपटावर निभावलं म्हणायचं. खाते का नीट?"

"खाते," उत्तरेश्वर म्हणाला.

"आता तिला ओट्यापाशी फिरकू देऊ नकोस, दादा. आमच्याकडे एकीला असंच झालं होतं, पदर पेटला तरी ओरडता येईना. बसल्या जागी दोन घास मिळतात, हेच खूप झालं."

दुपारी मागवलेलं चिकन आलं. प्लास्टिकच्या डब्यात लाल तेलावर तुकडे तरंगत होते. शालूने भात कालवला, घास केला आणि कौशल्याच्या तोंडापाशी नेऊन म्हणाली, "आ कर बघू. शहाणी माझी बाई."

कौशल्याने तोंड फिरवलं. शालूने घास तिकडे नेला. कौशल्याने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं, खाली आणलं आणि घास ताटात ठेवायला लावला. मग ताट स्वतःकडे ओढून डाव्या हाताने जेवली. अर्धं सांडलं, पण शेवटच्या शितापर्यंत जेवली. उत्तरेश्वर सांडलेला भात टिपायला उठला, तर कौशल्याने त्याच्याकडे असं पाहिलं की तो परत खाली बसला.

त्याच आठवड्यात अफशीन आली. ती आठवड्यातून एकदा घरी येऊन हाताचे आणि बोलण्याचे व्यायाम घ्यायची. तरुण पोरगी, कोंढव्याहून स्कूटीवरून यायची. तिची एक सवय कौशल्याला फार आवडायची. ती प्रश्न विचारायची आणि उत्तर येईपर्यंत थांबायची. मध्येच कुणी उत्तर द्यायला लागलं, तर त्याला हाताने थांबवायची.

"मावशी," त्या दिवशी ती म्हणाली, "आता हात जरा सैल झालाय. आपण काहीतरी ठरवू या, तुम्हाला स्वतःला करायचं असेल असं. काय करावंसं वाटतं?"

"तिला देवळात जायचंय," उत्तरेश्वर म्हणाला.

"काका, मावशी सांगतील."

कौशल्या म्हणाली, "उद्या." मग स्वतःवरच वैतागून तिने मान हलवली. अफशीनने तिच्यापुढे पाटी आणि खडू ठेवला. कौशल्याने डाव्या हाताने चित्र काढलं. एक गोल, त्यावर लहान गोल, खाली दोन रेघा.

"भोपळा?" अफशीनने विचारलं.

कौशल्याने मान हलवली आणि गोलाला चोच काढली. ती देठासारखी दिसली.

"वांगं?" उत्तरेश्वर वाकून म्हणाला.

कौशल्याने खडू खाली ठेवला, डावा कोपर पंखासारखा हलवला आणि गळ्यातून आवाज काढला, "पक पक पक." मग अफशीन हसायला लागली, आणि हसता हसता कौशल्याचेही डोळे भरून आले. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडून दुसरा काहीतरी आवाज निघाला होता.

"चिकन खायचंय," उत्तरेश्वर म्हणाला. "मागवतो की."

कौशल्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि मग स्वयंपाकघराकडे दाखवलं.

"करायचंय," अफशीन म्हणाली. "तुम्हाला स्वतःला करायचंय."

उत्तरेश्वर उठून गॅलरीत गेला. तो चिडला की असाच निघून जायचा. अफशीनने कौशल्याला काय काय करावं लागेल ते समजावलं. उंच स्टुलावर बसून काम करायचं. भांड्याखाली ओलं फडकं घालायचं, म्हणजे भांडं सरकत नाही. चिरायचं ते धरून ठेवायला लाकडी पाटाला खिळे लागतील, टोकं वर आलेले. खिळ्यांवर कांदा रोवायचा आणि एका हाताने चिरायचा. "तयार पाट विकत मिळतात," ती म्हणाली, "पण घरीही करता येतो."

ती गेल्यावर कौशल्या काठी टेकत आत गेली. खालच्या कप्प्यातून तिने स्वतःचं जुनं पोळपाट बाहेर ओढलं. सागवानी, वापरून वापरून मध्ये किंचित खोलगट झालेलं. ते तिने काखेत धरून गॅलरीत नेलं आणि उत्तरेश्वरच्या मांडीवर ठेवलं.

त्याने पोळपाटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "यावर खिळे मारू?"

तिने मान डोलावली.

"तुझ्या माहेरचं आहे ते."

तिने पुन्हा मान डोलावली. या हाताने आता पोळी लाटली जाणार नव्हती, हे तिला त्याच्याआधी समजलं होतं. पोळपाट कप्प्यात जपून ठेवण्यापेक्षा त्याला काम लागलेलं बरं, एवढंच तिला म्हणायचं होतं, पण ते सगळं सांगायला तिच्यापाशी एकच शब्द होता आणि तो इथे उपयोगाचा नव्हता. ती उभी राहिली. तो उठेपर्यंत उभी राहिली.

उत्तरेश्वरने आयुष्यभर पुस्तकं शिवली होती, त्याच्या हाताला सफाई होती. त्याने न गंजणारे खिळे आणले, बारीक भोकं पाडली आणि खालून खिळे असे ठोकले की वर सारख्या उंचीची टोकं आली. झाल्यावर पोळपाट तिच्यासमोर ठेवून म्हणाला, "मला हे पटलेलं नाही. तेवढं लक्षात ठेव."

पहिला प्रयत्न तिने राजनंदिनी घरून काम करत होती त्या दिवशी केला. आणि तिने केला तो मेसचा रस्सा. दुसरं काही तिच्या डोक्यातच आलं नाही. चिकन म्हणजे ते वाटण, तो तवंग. कांदा खिळ्यांवर बसला, पण डाव्या हातात सुरी उलटी चालल्यासारखी वाटायची. एक फोड अंगठ्याएवढी जाड, एक कागदासारखी पातळ. जो कांदा तिने आयुष्यभर बोलता बोलता चिरला, त्याने तिचा घाम काढला. तरी तिने चिरला. खोबरं भाजायला टाकलं. एका बाजूने भाजत आलं तेव्हा ते हलवायला गेली, तर कढई पळीबरोबर गोल फिरली. धरायला दुसरा हात नव्हता. खोबरं करपलं, धूर झाला. घाईने तिने कढई एका कानाला धरून उचलली आणि ती तिरकी झाली. तेल ओट्यावर, ओट्यावरून खाली. कढई धाडकन आदळली.

राजनंदिनी कानातला हेडफोन ओढत धावत आली. तिने आधी गॅस बंद केला, मग आईला दंडाला धरून खुर्चीवर बसवलं.

"आई, लागलं का कुठे? भाजलं का?" तिने तिचे हात उलटसुलट करून बघितले. मग तिचा आवाज चढला. "काय चाललंय हे? मी तिकडे मीटिंगमध्ये, पप्पा खाली गेलेले. तू पडली असतीस म्हणजे? पुरे आता हट्ट. मी सांगते ना, जे हवं ते मागवू. हे परत करायचं नाही."

"उद्या," कौशल्या म्हणाली.

"आई, तू पुन्हा–"

"उद्या," कौशल्याने खुर्चीच्या हातावर मूठ आपटली.

राजनंदिनीने आईकडे नीट पाहिलं. आई नेहमीसारखी अडकलेली नव्हती. मान वर होती, डोळे रोखलेले होते. तो शब्द पहिल्यांदाच आपल्या जागेवर पडला होता.

उत्तरेश्वर पिशवी घेऊन दारात उभा होता. त्याने फरशीवरचं तेल पाहिलं. राजनंदिनी कामावर परत गेल्यावर त्याने जुन्या धोतराच्या फडक्याने फरशी पुसली, ती कोरडी झाली की नाही ते पाय फिरवून बघितलं आणि मग खाली बसूनच बोलला. "तुला वाटतं मी तुला अडवतोय. मी त्या दिवशी आत आलो तेव्हा तू परातीपाशी पडलेली होतीस. हाताला कणीक. तुला नाही आठवत, पण मी ते रोज बघतो. तू ओट्यापाशी गेलीस की मला तेच दिसतं."

कौशल्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस विरळ झाले होते. तिला त्याची भीती कळत होती. पण भीती त्याची होती, आणि आयुष्य तिचं होतं. तो बोलायचा थांबल्यावर तिने हात काढून घेतला आणि ओट्यावरचं पोळपाट धुवायला त्याच्याकडे दिलं.

संध्याकाळभर ती गॅलरीत बसून विचार करत होती. चुकलं कुठे ते तिला समजलं होतं. ती अजून पातेलंभर लोकांचा स्वयंपाक करत होती. घरी माणसं तीन. मेसच्या काळात रविवारी रात्री पोरं जेवून गेली की तिच्या अंगात त्राण उरायचं नाही. रस्सा तर संपलेला असायचा. मग उरलेले चिकनचे चार तुकडे, फ्रिजमध्ये जे असेल ते, गाजर, फरसबी, फ्लॉवरचे तुरे, सगळं एका तव्यात टाकून ती झाकण ठेवायची. वाटण नाही, भाजणं नाही. राजनंदिनी शाळेत होती तेव्हा तिने त्याला नाव ठेवलं होतं, घाईचं चिकन. मेसमधल्या एकाही पोराने ते कधी खाल्लं नव्हतं. ते फक्त या तिघांचं होतं.

दुसऱ्या दिवशी राजनंदिनी ऑफिसला गेली. तिने जाताना पप्पांना दारात काहीतरी कुजबुजून सांगितलं. उत्तरेश्वर "हो" म्हणाला. दार बंद झालं तेव्हा कौशल्या चप्पल घालून, काठी घेऊन त्याच्या मागे उभी होती.

चिकनचं दुकान पुढच्या गल्लीत होतं. दुकानदार करीम, पांढऱ्या दाढीचा, सुरीसारखाच झटपट माणूस. "बोला काका, काय देऊ?" त्याने उत्तरेश्वरला विचारलं.

उत्तरेश्वर तोंड उघडणार तेवढ्यात कौशल्याने काठीचं टोक दुकानाच्या पायरीवर दोनदा वाजवलं. करीमने खाली पाहिलं. तिने काठी काखेत अडकवून स्वतःच्या मांडीवर थाप मारली.

"लेग पीस?"

तिने मान डोलावली. मग अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं.

"छोटे तुकडे. हाडासकट की बोनलेस?"

तिने स्वतःचं मनगट दाबून हाड दाखवलं आणि हवेत सुरी चालवावी तसा हात फिरवला. करीमला कळेना. तो उत्तरेश्वरकडे वळला. उत्तरेश्वर समोरच्या रिक्षा बघत उभा राहिला. त्याला उत्तर माहीत होतं, पण अफशीनचा वर केलेला हात त्याच्या डोळ्यांसमोर होता. करीमला पुन्हा तिच्याकडेच बघावं लागलं. "हाड काढून?" तिने मान डोलावली. त्याने तुकडे करून तिच्यासमोर धरले. एक मोठा होता, तिने बोटाने दाखवला. त्याने तो पुन्हा कापला.

"मावशींना विचारायला पाहिजे होतं आधी," करीम पिशवी तिच्या डाव्या मनगटात अडकवत म्हणाला. "चुकलं माझं."

घरी आल्यावर तिने उत्तरेश्वरला स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून दिली. बसायचं, उठायचं नाही, असं बोटाने सांगितलं. त्याने दोन्ही हात मांडीखाली घेतले, जणू ते आपोआप उठतील.

चिकनला तिने दही, हळद, तिखट आणि आलं-लसणाची पेस्ट लावली. पेस्ट पाकिटातली होती. असलं पाकीट तिने मेसच्या दारातून कधी आत येऊ दिलं नव्हतं. उत्तरेश्वरने पाकिटाकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे. तिने पाकीट दातात धरून फाडलं आणि त्याच्याकडे बघण्याचं टाळलं.

मीठ टाकताना हात थबकला. उजव्या हाताची चिमूट ठरलेली होती, तिला मोजायला लागायचं नाही. डाव्या हाताच्या चिमटीत किती मावतं, ते तिला ठाऊक नव्हतं. तिने अंदाजाने टाकलं.

कांदा आज बरा चिरला गेला. आधी दोन भाग केले, मग साल काढली, मग सपाट बाजू खाली ठेवून खिळ्यांवर रोवला. काल हे सुचलं नव्हतं. गाजर खिळ्यांवर आडवं बसलं आणि हललं नाही. फरसबीच्या शेंगा ओट्याच्या कडेवर दाबून तिने मोडल्या. फ्लॉवरचे तुरे हाताने तुटले. सिमला मिरची मात्र दोनदा खिळ्यांवरून निसटली आणि एकदा खाली पडून उत्तरेश्वरच्या पायापाशी गेली. त्याने ती उचलली, धुतली आणि परत ठेवली. एवढं तिने चालवून घेतलं.

मग गॅस. तिने कढई घेतली नाही, लांब दांड्याचा खोलगट तवा घेतला. तो शेगडीवर ठेवून दांडा भिंतीकडे वळवला आणि दांड्याला लागून पाण्याने भरलेला तांब्या ठेवला. पळी फिरवून पाहिली. तवा फिरायला गेला, तांब्याला अडला आणि थांबला. तिने पुन्हा फिरवली, जोराने. तवा तिथेच.

"हे कुणी सांगितलं तुला?" उत्तरेश्वर न राहवून म्हणाला.

तिने कपाळावर बोट आपटलं.

तेल, जिरं, कांदा. कांदा गुलाबी होताना जो वास सुटतो तो त्या घरात, त्या ओट्यावर, पहिल्यांदाच सुटला. कात्रजच्या घरात आल्यापासून हे स्वयंपाकघर म्हणजे डबे उघडायची जागा होती. तिने चिकन टाकलं, वरखाली केलं. पाणी सुटायला लागल्यावर भाज्या टाकल्या, वरून अर्धी वाटी पाणी आणि झाकण. हात दुखत होता, पाठ भरून आली होती, स्टुलावर बसून उजवा पाय बधिर झाला होता. ती उठली नाही. झाकणाखालून वाफ येत होती, तिच्याकडे ती बघत बसली. मेसमध्ये वाफेकडे बघायला तिला कधी सवड मिळाली नव्हती.

घाईच्या चिकनला अख्खी दुपार गेली होती.

भात उत्तरेश्वरने कुकरला लावला. भाकरीचं नाव दोघांनीही काढलं नाही. एका हाताने भाकरी थापता येत नाही. ते गेलं ते गेलंच होतं आणि त्याविषयी करण्यासारखं काही नव्हतं.

राजनंदिनी घरी आली तेव्हा दारातच थांबली. "पप्पा, काय मागवलंत?"

"काही नाही मागवलं."

ती आत आली. ओट्यावर सालं पडली होती, पोळपाटावर गाजराचे लाल डाग होते आणि आई स्टुलावर बसली होती, केस कपाळाला चिकटलेले. राजनंदिनीने आधी आईच्या हातांकडे पाहिलं, मग फरशीकडे. फरशी कोरडी होती. बॅग खाली ठेवून हात धुवायला गेली.

कौशल्याने वाढलं. डाव्या हाताने वाढताना रस्सा ताटाच्या काठावर सांडला. कुणी पुसायला उठलं नाही. तिघं टेबलाशी बसली. कौशल्याच्या हनुवटीखाली नॅपकिन नव्हता. राजनंदिनीने पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि सवयीने, शाळेतून आल्यावर म्हणायची तशी म्हणाली, "मीठ कमी आहे."

लगेच तिचा हात तोंडावर गेला. "सॉरी, आई. म्हणजे छान झालंय, खरंच. मी आपलं–"

कौशल्या तिच्याकडे बघत होती. परातीपाशी पडल्या दिवसापासून या घरात कुणी तिच्या कशालाच नाव ठेवलं नव्हतं. दोन पावलं चालली तरी वा, एक घास खाल्ला तरी शाबास. सगळे तिच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं गोड बोलत. आणि आता ही पोरगी समोर बसून मीठ कमी आहे म्हणत होती. तिने मिठाची बरणी डाव्या हाताने टेबलावरून तिच्याकडे सरकवली आणि हनुवटी वर केली. कमी आहे तर घे.

राजनंदिनीने मीठ घेतलं. थोड्या वेळाने ती जरा धीर करून म्हणाली, "गाजर पण थोडं कच्चं राहिलंय."

कौशल्याने भुवई उंचावली आणि स्वतःच्या ताटातलं गाजर कचकचा चावून दाखवलं.

"मला तर ठीक वाटतंय," उत्तरेश्वर म्हणाला.

मायलेकींनी एकदमच त्याच्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून तो प्रत्येक जेवणाला हेच म्हणत आला होता. राजनंदिनीला हसू फुटलं. हसता हसता तिने ताट पुढे केलं आणि अजून वाढ म्हणाली. कौशल्याने वाढलं. मग राजनंदिनी जेवता जेवता थांबली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "रविवारच्या रात्री करायचीस ना हे. मेस आवरली की. मला वाटलं होतं, पुन्हा कधी मिळणार नाही." कौशल्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

तव्यात काही उरलं नाही. तळाला चिकटलेला मसालासुद्धा राजनंदिनीने भातात पुसून खाल्ला.

"भांडी मी घासतो," उत्तरेश्वर म्हणाला आणि बाह्या दुमडून उठला. तो भांडी घासत असताना राजनंदिनीने टेबल पुसलं, सालं भरली. कौशल्या स्टुलावर बसून होती. आता तिला झोपायला हरकत नव्हती, दोघांनीही दोनदा सांगितलं, पण ती उठली नाही. उत्तरेश्वरने तवा घासून, विसळून पालथा ठेवला. तिने तो ओढून घेतला, आतून कडेवर बोट फिरवलं, बोट दिव्याकडे धरून पाहिलं आणि तवा त्याच्याकडे परत सरकवला.

"स्वच्छ आहे," उत्तरेश्वर म्हणाला.

तिने तेलकट बोट त्याच्या नाकासमोर धरलं.

तो तवा घेऊन पुन्हा नळाकडे वळला. राजनंदिनीने घासणीवर साबण घेतला आणि त्याच्या हातात दिला.